दाजीबा चोपदारांची टाच

दाजीबा चोपदार कुणालाही पाठ दाखवत नसत. हे त्यांच्या शौर्याबद्दल लिहिलेले नाही. चालण्याबद्दल लिहिले आहे. टपाल कचेरीतून ते बाहेर पडत ते मागे मागे चालत, न्हाव्याच्या ओट्यावरून उतरत तेही तसेच, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातून जेवून उठल्यावर हात धुवायला अंगणात जात तेही बायकोकडे तोंड करून. धारच्या बाजारात हे सर्वांना ठाऊक होते. एखाद्या दुकानातून त्यांची पाठ बाहेर येताना दिसली की कुणीतरी म्हणे, "सरको भिया, दाजीबा आ रिये," आणि पाट्या घेतलेल्या बायका, बकऱ्या, टांगे बाजूला होत. हे बाजूला होणे केवळ आदराचे होते. त्याची गरज नव्हती. दाजीबा कशाला धडकल्याचे गावात कुणी सांगू शकत नसे.

हे कसे जमते, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "टाचेला विचारावं. डोळ्याला पुढचं कळतं, टाचेला मागचं. फक्त तिला घाई केलेली चालत नाही."

त्यांच्या पत्नी सगुणाबाई, ज्यांना मी काकू म्हणत असे, त्यांचे मत वेगळे होते. "टाचेचं कसलं कौतुक?" त्या म्हणत. "माझी पाण्याची घागर तीस वर्षं एका जागेवरून हललेली नाही, ती कुणामुळं?"

नव्या शतकाला दहाएक वर्षे झाली होती. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि धारमधल्या एका सरदारांच्या हवेलीत पत्रव्यवहाराचा कारकून होतो. पुण्याच्या एका साप्ताहिकाला अधूनमधून माळव्याच्या बातम्या पाठवत असे. त्यांतल्या काही छापून येत. सरदारांना सर्व जण सरकार म्हणत. त्यांची जहागीर धरमपुरीकडे, नर्मदेच्या काठाला होती. जहागीर फार मोठी नव्हती, पण घराण्याला चांदीच्या दंडाचा मान होता. चांदीने मढवलेला तो पुरुषभर उंचीचा दंड घेऊन सरकारांच्या पुढे चालायचे आणि ललकारी द्यायची, हे दाजीबांचे काम. ते त्यांच्या वडिलांनी केले होते आणि आजोबांनीही. मराठी फौजांबरोबर दक्षिणेतून माळव्यात आल्यापासून त्या घरात दुसरा धंदा झालेला नव्हता.

या कामाचा एक नियम होता आणि पुढे जे घडले ते सगळे त्या नियमावर घडले, म्हणून तो सांगणे भाग आहे. रस्त्याने जाताना चोपदार सरकारांच्या पुढे, तोंड वाटेकडे करून चालतो. रस्त्यावर वाट बघावी लागते, त्यामुळे तिथे धन्याकडे पाठ झाली तरी दोष नाही. सदरेत, म्हणजे बैठकीच्या मोठ्या दिवाणखान्यात, तसे चालत नाही. तिथे चोपदाराने सरकारांकडे तोंड ठेवून, दंड उभा धरून, उलट्या पावलांनी गादीपर्यंत जायचे. उंबऱ्यापासून गादीपर्यंत चाळीस पावले होती. दाजीबा ती एकोणचाळीसही करत नसत आणि एकेचाळीसही.

उंच, शिडशिडीत माणूस. पांढऱ्या मिशा, लाल पागोटे, पन्नाशी ओलांडलेली. ते फार बोलत नसत आणि बोलले की विषय संपत असे. एकदा हजेरीपटासाठी मी त्यांचे पूर्ण नाव विचारले. त्यांनी ते सांगितले नाही. "चोपदारानं दुसऱ्याचं नाव घ्यायचं असतं," ते म्हणाले. "चोपदाराचं नाव कुणी घेत नसतं. 'चोपदार' लिहा, पगार पोचतो." मी 'चोपदार' लिहिले.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर देवासहून पत्र आले. सरकारांची मुलगी देवासच्या एका सरदार घरात दिलेली होती. दोन्ही व्याह्यांचे संबंध गोड होते, म्हणजे दोघेही एकमेकांच्या वरचढ होण्याची संधी सोडत नसत. फोनो प्रथम देवासला वाजला. सायकल प्रथम देवासला आली. आमच्याकडे दोन्ही वस्तू दुसऱ्यांदा आल्या आणि दुसऱ्यांदा आलेल्या वस्तूचे कौतुक होत नाही. आता व्याह्यांनी कळवले होते, की त्यांनी कापसाचे जुने गोदाम रिकामे करून त्यात सागवानी फळ्यांची जमीन घातली आहे, मुंबईला सध्या चालू असलेला चाकांच्या बुटांचा खेळ तिथे सुरू करायचा आहे, आणि उद्घाटनाला सरकारांनी परिवारासह यावे. शेवटी एक ओळ होती: जमत असल्यास चाकांवरच यावे.

'जमत असल्यास' हे दोन शब्द सरकारांनी मला दोनदा वाचायला लावले. त्यानंतर त्यांनी मुंबईहून चार जोड मागवण्याचा हुकूम दिला.

बूट म्हणजे पूर्ण बूट नव्हते. लोखंडी पट्टी, तिच्याखाली लाकडाची चार चाके, बांधायला चामड्याचे पट्टे आणि आपल्या जोड्यावर घट्ट करायला एक किल्ली. पेटी उघडल्यावर सगळे वाकून बघू लागले आणि मी बोलून गेलो, की महूच्या छावणीत मी हा खेळ खेळलो आहे. हे खरे होते. मी दोन रविवार खेळलो होतो आणि दोन्ही रविवारी कठडा सोडला नव्हता. पण पुढचे कुणी विचारले नाही. त्या दिवसापासून मला हवेलीत मास्तर म्हणू लागले.

कारभाऱ्यांनी हुकूम काढला, की सरकार चाकांवर जाणार, तर दंडही चाकांवर जाणार. देवासला निघायला महिना होता. महिन्याच्या आत दाजीबांना जमले नाही तर दंड सर्जेराव घेईल. सर्जेराव हा कारभाऱ्यांचा भाचा, पंचवीस वर्षांचा, हवेलीच्या घोड्यांवर देखरेख करणारा. तो वाईट नव्हता. त्याला सगळे लवकर येत असे, एवढाच त्याचा दोष.

हुकूम ऐकून दाजीबांनी मान लववली आणि ते कचेरीतून मागे मागे चालत गेले. दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्यानंतर दंड दुसऱ्या घरात जाणार हे ठरलेलेच होते, तेव्हा एवढे मनाला लावून घेऊ नये, असे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "दंड मी देणारच आहे, मास्तर. पण मी दिला आणि माझ्याकडून काढून घेतला, यात फरक आहे. देवासला चारचौघांत दुसऱ्याच्या हातात दिसला की तो परत माझ्या हातात येत नाही." काकू आतून म्हणाल्या, की या वयात चाकं लावून घ्यायला हे काय बैलगाडी आहेत. दाजीबांनी त्यांच्याकडे बघितले आणि मला विचारले, "उद्या किती वाजता?"

शिकवणी सदरेतच सुरू झाली, कारण घोटलेल्या चुन्याची इतकी गुळगुळीत जमीन हवेलीत दुसरीकडे नव्हती. पहिल्याच सकाळी दाजीबा उंबऱ्याशी थांबले. हातात किल्लीसकट चाके होती, पायांत जोडे होते आणि आत यायला ते तयार नव्हते.

"आधी सांगा, मास्तर. ही आत्ता सदर की रस्ता?"

मी म्हणालो, सदरच आहे, दिसते आहे की.

"मग जोडा चालत नाही. सदरेत अनवाणी यायचं असतं. आणि जोड्याशिवाय ही पट्टी बसत नाही."

मला सरकार येण्यापूर्वी तासभर सराव करून घ्यायचा होता. मी म्हणालो, सराव संपेपर्यंत रस्ता समजा. दाजीबांनी क्षणभर विचार केला, "रस्ता तर रस्ता," म्हणाले, आणि जोड्यासकट आत आले. माझ्या उत्तराने आमचे तीन आठवडे वाया गेले. ते त्या वेळी मला कळले नाही आणि दाजीबांनाही कळले नाही.

रस्ता ठरला म्हणून दाजीबा पुढे तोंड करून निघाले. पहिल्या दिवशी ते सतरा वेळा पडले. हा आकडा मी त्याच दिवशी टिपून ठेवला होता. मला जे ठाऊक होते ते मी सांगत होतो: गुडघे वाकवा, पायांकडे बघू नका, पडायचेच असेल तर कुशीवर पडा, उठताना आधी एक गुडघा टेका. दाजीबांना यातले पडण्याबद्दलचे सर्व जमले. गुडघे मात्र ते वाकवत नसत. ताठ उभे राहून ते एक पाऊल टाकत, पाऊल त्यांच्या आधी निघून जाई आणि ते जिथल्या तिथे बसत. दंड एकदाही जमिनीला लागला नाही. पडताना ते तो वर धरत.

सर्जेराव तिसऱ्या दिवशी सदरेला गोल चकरा मारू लागला. जाता जाता तो म्हणे, "काका, गुडघे वाकवा." चौथ्या की पाचव्या चकरेला दाजीबा जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाले, "माझे गुडघे मुजऱ्याला वाकतात, सर्जेराव. चालायला वाकवण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही."

नूर मिस्त्री हवेलीचा सुतार होता. चाकांना तिळाचे तेल घालायला आणि झिजलेले चाक बदलायला तो दाराशी बसलेला असे. दाजीबांचा आणि त्याचा तीस वर्षांचा स्नेह. तो पहिले दोन दिवस चाके काढून तपासत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दाजीबा, एक बात बोलूँ? चक्के में तो कोई खराबी नी है." चौथ्या दिवशी काकूंनी एक उशी पाठवली. ती जुन्या धोतराने कमरेला मागून बांधायची होती. दाजीबांनी ती बांधून घेतली, पण अंगरख्याच्या आतून. दंडाचा माणूस उशी बांधून फिरतो हे बाहेर दिसता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. बाहेर जे दिसत होते ते उशीपेक्षा वाईट होते, पण ते मी त्यांना सांगितले नाही.

सरकारही शिकत होते. ते दुपारी येत, दोन माणसांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहत आणि एकदा सोडले की सरळ रेषेत जात. त्यांचा तोल बरा होता. अडचण एकच होती: त्यांना थांबता येत नसे. गादीमागच्या भिंतीशी दोन नोकर कापसाची गादी उभी धरून थांबत आणि सरकार तिच्यावर येऊन संपत. देवासला भिंतीशी गादी धरणे शोभणार नाही, हे सर्वांना दिसत होते.

निघायला आठ दिवस राहिले तेव्हा कारभारी मला म्हणाले, की उद्यापासून ललकारीचे शब्द सर्जेरावकडून पाठ करून घ्यावेत. दाजीबांना मीच कळवावे. मी सकाळी तेच सांगायला सदरेत गेलो. दाजीबा आधीच चाके बांधून मधोमध उभे होते. एका हातात दंड, दुसरा हात उशी सरळ करण्यात गुंतलेला. मी बोलायला तोंड उघडले, तोच बाजूच्या दारातून सरकार आले.

ते सरावाला आलेले नव्हते. अनवाणी होते, हातात एक पत्र होते आणि ते मला शोधत आले होते. जाता जाता त्यांची नजर दाजीबांकडे गेली. ते थांबले आणि आपुलकीने म्हणाले, "दाजीबा, दमलात. जा आता."

दाजीबांनी मुजरा केला. गुडघे वाकले. सरकारांवरची नजर न काढता ते उलटे निघाले. एक पाऊल, दुसरे पाऊल, मग पावले दिसेनाशी झाली. कंबर किंचित झुकलेली, दंड उभा, पागोट्याचा तुरासुद्धा हलत नव्हता, आणि तो माणूस पाण्यावरून नाव सरकावी तसा सदरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे मागे गेला. उंबऱ्याच्या वीतभर अलीकडे त्यांनी टाच आत वळवली आणि ते थांबले. पुन्हा मुजरा केला.

सरकार बघत राहिले. मीही. दाराशी नूर मिस्त्रीच्या हातातली तेलाची कुपी कलंडली होती आणि त्याचे तिकडे लक्ष नव्हते.

"दाजीबा," सरकार म्हणाले, "पायात काय आहे?"

दाजीबांनी खाली बघितले. आपल्या पायांत चाके आहेत हे त्यांना तेव्हा आठवले, आणि ते पडले.

उठल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुम्ही रस्ता म्हणालात." त्या वाक्यात राग नव्हता. झाले ते असे होते, एवढेच त्यांना नोंदवायचे होते.

आता सगळे कळले, पण नवी अडचण उभी राहिली. उलटे जायचे तर ती सदर हवी. सदर असली तर जोडा चालत नाही, आणि जोड्याशिवाय चाके बसत नाहीत. दाजीबा यावर ऐकायला तयार नव्हते. एवढ्यासाठी नियम मोडला तर मग उलटे तरी कशाला जायचे, असे त्यांनी विचारले. कारभारी एक संपूर्ण दुपार जुने कागद चाळत बसले. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. सरकारांच्या थोरल्या आऊसाहेब वयामुळे मेण्यात बसून सदरेत येत असत आणि मेणा गादीपर्यंत नेला जाई. म्हणजे सदरेत जोडा वर्ज्य आहे, वाहन वर्ज्य नाही. चाकांचे बूट हे वाहन समजावे. त्याखालचा जोडा हा वाहनाचा भाग समजावा. दाजीबांनी निकाल दोनदा ऐकला आणि म्हणाले, "वाहन असेल तर ठीक आहे."

देवासला आम्ही इंदूरवरून दोन मुक्कामांनी पोचलो. ते गाव त्या काळी दोन राज्यांत वाटलेले होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांची हद्द गावातल्या रस्त्यांवरूनच जाई. रस्त्याच्या या बाजूच्या माणसाचा राजा वेगळा, समोरच्या दुकानदाराचा वेगळा. व्याह्यांचे गोदाम अशाच एका रस्त्यावर होते. गोदामाला दोन टोकांना दोन दारे होती. एकातून मंडळी आत येणार होती. दुसरे रस्त्याकडे उघडत होते आणि पूर्वी कापसाच्या गाड्या चढवण्यासाठी तिथून खाली फळ्यांचा उतार केलेला होता. गर्दी झाली म्हणून वाऱ्यासाठी ते दार उघडे ठेवले होते. त्या दाराच्या डाव्या हाताला व्यासपीठ होते. त्यावर दोन गाद्या मांडल्या होत्या, म्हणून दाजीबांच्या लेखी ती सदर होती.

यजमान म्हणून व्याह्यांनी आधी प्रवेश केला. त्यांचा चोपदार तरणाबांड होता, कमरेला जरीचा पट्टा, आणि तो पुढे तोंड करून चाकांवर झोकात निघाला. खणखणीत आवाजात त्याने धन्याची ललकारी सुरू केली. नावामागे नाव, मानामागे मान. तो पंधरा हातही गेला नसेल, तोच व्याही त्याच्यामागे शांतपणे खाली बसले. फार लागले नव्हते. पण चोपदाराची पाठ त्यांच्याकडे होती. त्याला काहीच कळले नाही. लोक श्वास रोखून बघत आहेत ते आपल्याकडेच, असे समजून त्याने आवाज आणखी चढवला आणि रिकाम्या जमिनीपुढे तो धन्याचे गुण गात सरळ निघून गेला. व्यासपीठाशी वळायचे होते ते त्याला साधले नाही. उघड्या दारातून तो उतारावर गेला, उतारावरून रस्त्यावर, आणि धुळीत चाके रुतली तेव्हा तो रस्त्याची मधली हद्द ओलांडून एका धान्याच्या दुकानाच्या ओट्याला मिठी मारून उभा होता. व्याही एका राज्यात बसलेले होते आणि त्यांची ललकारी दुसऱ्या राज्यात पुरी झाली.

व्याह्यांना उचलून गादीवर बसवले. सगळे सरकारांच्या प्रवेशाकडे बघू लागले. सरकारांचा चेहरा उतरला होता. आत येण्यापूर्वी ते दाजीबांना हळूच म्हणाले, की भिंतीशी आपली गादी नाही.

"सरकारांनी माझ्याकडे बघावं," दाजीबा म्हणाले. "मी सरकारांकडे बघतोच आहे."

ते निघाले. दाजीबा उलटे, सरकार सुलटे, मध्ये चार हातांचे अंतर. निम्म्या वाटेपर्यंत सर्व ठीक होते. तिथे फळ्यांना किंचित उतार असावा, कारण सरकारांचा वेग वाढला आणि त्यांचे हात अंगापासून सुटले. इतर कुणाच्या ध्यानात येण्यापूर्वी ते दाजीबांच्या ध्यानात आले, कारण त्यांचे तोंड तिकडेच होते. ललकारी न थांबवता त्यांनी दंड आडवा केला आणि त्याचे टोक सरकारांपुढे धरले. सरकारांनी ते दोन्ही हातांनी धरले. मग दाजीबांनी टाच जराशी आत घेतली, वेग उतरवला, डावीकडे वळण घेतले आणि सरकारांना दंडासकट व्यासपीठापर्यंत आणून सोडले. शेवटचा शब्द आणि शेवटचे पाऊल एकाच वेळी पडले.

व्याही गादीवरून पुढे झुकले. मग त्यांनी कौतुकाने विचारले, की दंडाला हात लावून येण्याचा हा रिवाज धारकडे पूर्वीपासून आहे काय. सरकार म्हणाले, "फार जुना आहे."

मी पुण्याच्या साप्ताहिकाला दोन रकाने लिहून पाठवले. चार ओळी छापून आल्या: देवास येथे चाकांच्या बुटांच्या खेळाचा समारंभ थाटात झाला, धारच्या सरदारांनी प्राचीन रिवाजाप्रमाणे दंडस्पर्श करून प्रवेश केला. 'प्राचीन' हा शब्द माझा होता. तो रिवाज मी लिहायला बसलो तेव्हा तीन तासांचा होता. पुढे बातमीदारीत बरीच वर्षे काढली; त्या शब्दाइतका चुकीचा शब्द मी पुन्हा छापून आणला नाही. दाजीबांचे नाव मी लिहिले होते आणि संपादकांनी ते कापले होते. अंक दाखवताना मी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. दाजीबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. सरकारांचं आलं ना?"

चाकांचा खेळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच टिकला. व्याह्यांकडे मोटार आली आणि गोदामात पुन्हा कापूस भरला गेला. आमचे चार जोड पेटीत गेले. पण दाजीबांनी त्या वर्षात एक काम हाती घेतले. रोज सकाळी ते सर्जेरावला सदरेत घेऊन जात आणि उलटे चालायला शिकवत, चाकांशिवाय, अनवाणी. ज्याला सगळे लवकर येई त्याला हे येईना. त्याने समई पाडली, पानाचे तबक पाडले, एकदा कारभाऱ्यांच्या मांडीवर बसला. दाजीबा दर वेळी तेच सांगत: "मान वळवू नको, सर्जेराव. टाचेला विचार." आठ-नऊ महिन्यांनी त्याचे काही पडायचे थांबले. त्यानंतर दाजीबांनी सरकारांना विनंती केली, की येत्या दसऱ्याला आपल्याला स्वतःच्या हातांनी दंड सर्जेरावला देऊ द्यावा.

दसऱ्याच्या सकाळी सर्जेराव माझ्या कचेरीत आला. इकडेतिकडे बघून त्याने विचारले, की काकांचे पूर्ण नाव काय आहे. मला ते तोपर्यंत काकूंकडून कळले होते. मी चिठ्ठीवर लिहून दिले. त्याने ती वाचली, ओठ हलवत पुन्हा वाचली आणि पागोट्यात खोचली.

सदर भरली होती. दाजीबांनी दोन्ही हातांनी दंड सर्जेरावच्या हातांत दिला. सरकारांनी त्यांना विडा आणि शेला दिला. तीन मुजरे करून दाजीबा उलट्या पावलांनी निघाले. तीस वर्षांत प्रथमच त्यांचे हात रिकामे होते आणि त्यांचे काय करावे हे त्यांना समजत नसावे. त्यांनी ते पाठीमागे घेतले, पुन्हा पुढे घेतले. पंचवीस-तीस पावले झाली असतील. तेव्हा सर्जेरावने दंड जमिनीवर आपटला.

"दाजीबा रखमाजी चोपदार यांची स्वारी निघाली आहे. अदब राखा."

सदरेतली माणसे उठून उभी राहिली. सरकार गादीवरच होते, पण त्यांनी मान लववलेली मी पाहिली. दाजीबा थांबले. त्यांनी सर्जेरावकडे बघितले, माझ्याकडे बघितले, मग सरकारांकडे बघत पुन्हा चालू लागले, आणि दाराच्या चौकटीवर त्यांचे डोके इतक्या जोरात आपटले की पागोटे कपाळावर आले.

कुणी हसले नाही. दाजीबांनी पागोटे सरळ केले. हात मागे नेऊन चौकटीचे लाकूड चाचपले.

"ही चौकट कुणी हलवली?" त्यांनी विचारले.

नूर मिस्त्री दाराबाहेरच उभा होता. तो म्हणाला, "हमने ही सरकाई, दाजीबा. कल. दो अंगुल."

"तरीच," दाजीबा म्हणाले, आणि उंबरा ओलांडून बाहेर गेले. पाठ त्यांनी तेव्हाही दाखवली नाही.